पारंपरिक चिनी घरांतील रोजच्या सजावटीची चित्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी चित्रकला म्हटली की धुक्यातले डोंगर आणि बांबू आठवतात. सामान्य चिनी घराच्या भिंतीवरही तीच चित्रे असत का?

बहुतेक घरांत नसत. डोंगर, धुके आणि एकाकी नावाडी यांची शाईतील चित्रे ही शिकलेल्या, सरकारी परीक्षा दिलेल्या वर्गाने परस्परांसाठी काढलेली चित्रे होती. शेतकरी, दुकानदार, विणकर यांच्या घरांत दिसत ती लाल-हिरव्या-पिवळ्या रंगांनी भरलेली वेगळीच चित्रे : दारावर योद्धे, चुलीवर देव, भिंतीवर कमळ आणि मासा घेतलेले गुटगुटीत बाळ. ही चित्रे काढणाऱ्यांची नावे सहसा कोणी नोंदवली नाहीत. त्यांना समजून घेण्यासाठी मला एकच वाट खरी वाटते : चित्र कोणी काढले हे विचारण्याआधी ते घरात कुठे, कोणत्या दिवशी आणि कशासाठी लावले जाई हे विचारावे. यांपैकी जवळजवळ प्रत्येक चित्राला ठरलेली जागा, ठरलेला दिवस आणि ठरलेले काम होते.

‘न्येनह्वा’ म्हणजे काय?

‘न्येन’ म्हणजे वर्ष आणि ‘ह्वा’ म्हणजे चित्र. चांद्र नववर्षाच्या आधी जुनी चित्रे काढून त्यांच्या जागी लावली जाणारी नवी चित्रे म्हणजे न्येनह्वा. हा शब्द ग्रंथात प्रथम आढळतो तो 1849 मध्ये. चित्रे मात्र त्याहून कितीतरी जुनी आहेत. 1147 साली लिहिलेल्या, राजधानी कायफंगच्या आठवणी सांगणाऱ्या एका वृत्तांतात वर्षअखेरीस बाजारात द्वारदेवतांची आणि भूत पकडणाऱ्या चुंग ख्वेची छापील चित्रे विकली जात असल्याचे वर्णन आहे. त्याच्याही आधी, 1072 मध्ये, सुंग सम्राट शनचुंग याने चुंग ख्वेचे एक जुने चित्र लाकडी ठशावर कोरवून घेऊन त्याच्या प्रती दरबारातील मंत्र्यांना वर्षअखेरीची भेट म्हणून वाटल्याची नोंद आहे. म्हणजे हा केवळ खेडवळ रिवाज नव्हता.

श्रावणात जिवतीचा छापील कागद भिंतीवर लावून त्याची पूजा करणाऱ्या मराठी घराला ही कल्पना परकी वाटू नये. कागद स्वस्त असतो, छपाई साधी असते, आणि तरीही त्या दिवशी त्या कागदाखेरीज घराचे चालत नाही.

दाराच्या दोन फळ्यांवरचे ते शस्त्रधारी पुरुष कोण?

ते द्वारदेवता होत. त्यांची सर्वांत जुनी जोडी शनथू आणि यूल्यू या दोन भावांची. एका प्रचंड पीचवृक्षाखाली उभे राहून ते दुष्ट भुतांना दोरखंडाने बांधतात आणि वाघांपुढे टाकतात, अशी हान काळापासूनची, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, कथा आहे. म्हणूनच पीचच्या लाकडाच्या पाट्या दाराशी लावण्याची चाल आधी आली आणि चित्रित कागद नंतर आला.

आज अधिक ओळखीची असलेली जोडी थांग घराण्यातील दोन खऱ्या सेनापतींची आहे : छिन छ्युंग आणि यूछ कुंग. सम्राट थायचुंग (राज्यकाळ 626–649) याला रात्री भुतांचा उपद्रव होऊ लागला तेव्हा हे दोघे चिलखत घालून त्याच्या दाराशी उभे राहिले. त्यांना रोज जागवायला नको म्हणून सम्राटाने त्यांची चित्रे काढून दारावर लावली, अशी लोककथा आहे. चित्रांत एकाचा चेहरा गोरा आणि दुसऱ्याचा काळा असतो, आणि चित्रे नीट लावली असतील तर दोघे एकमेकांकडे पाहतात. त्यांनी परस्परांकडे पाठ फिरवली तर घरात भांडणे होतात, असे मानले जाई.

आतल्या खोल्यांच्या दारांवर योद्धे नसत. तेथे दरबारी पोशाखातील नागरी देव किंवा बाळे असत, कारण भुतांना अडवण्याचे काम बाहेरच्या दारावर उरकलेले असे.

चुलीवरच्या देवाचे चित्र जाळून टाकतात, हे खरे का?

खरे आहे, आणि त्यात अनादर मुळीच नाही. चूलदेव, म्हणजे त्साव-च्युन, वर्षभर चुलीच्या वर बसून कुटुंबाचे बोलणे-वागणे पाहतो. बाराव्या चांद्र महिन्याच्या तेविसाव्या दिवशी (दक्षिणेकडे बहुधा चोविसाव्या) तो स्वर्गात जाऊन अहवाल देतो, आणि त्याला वर पाठवण्याचा मार्ग म्हणजे चित्र जाळणे. निघण्यापूर्वी त्याच्या ओठांना चिकट, गोड मिठाई लावतात, म्हणजे तो गोडच बोलेल किंवा त्याचे तोंड उघडणारच नाही. चित्राच्या दोन्ही बाजूंना लिहिलेल्या ओळींचा आशयही तोच असतो : वर जाऊन चांगले सांगावे, खाली परतून घर सुखरूप ठेवावे. वर्षाच्या शेवटच्या रात्री नवे चित्र लावले की देव परत आला. अनेक चित्रांच्या माथ्यावर येणाऱ्या वर्षाचे पंचांग छापलेले असे, त्यामुळे तोच कागद शेतीच्या कामांनाही उपयोगी पडे.

देवाचे चित्र ‘विकत घेतले’ असे कोणी म्हणत नसे, हे येथे सांगायलाच हवे. चिनी भाषेत त्यासाठी ‘छिंग’ हे क्रियापद वापरतात, म्हणजे ‘आमंत्रण देऊन आणणे’.

चित्रांत मासे, वटवाघळे, फुलदाण्या आणि माकडे इतकी का दिसतात?

कारण ही चित्रे पाहता पाहता मोठ्याने वाचायचीही असतात. चिनी भाषेत समान किंवा जवळच्या उच्चाराचे शब्द विपुल आहेत, आणि चित्रकाराने त्यांचा पुरेपूर उपयोग केला. मासा म्हणजे ‘यू’, आणि शिल्लक उरणे म्हणजेही ‘यू’. कमळ म्हणजे ‘ल्येन’, आणि सलग, एकामागून एक या अर्थीही ‘ल्येन’. म्हणून मोठा मासा कवटाळून कमळांजवळ बसलेले बाळ पाहिले की चिनी माणूस ‘वर्षानुवर्षे घरात शिल्लक राहो’ असे वाचतो. ज्या शेतकऱ्याचे धान्य दरवर्षी वसंतापूर्वीच संपत आलेले असे, त्याच्या भिंतीवर हे वाक्य किती गंभीरपणे लावलेले असेल, याचा विचार केला म्हणजे त्या बाळाचे गुलाबी गाल निव्वळ गोंडस वाटत नाहीत.

वटवाघूळ हे याहून नवलाचे उदाहरण आहे. ‘फू’ म्हणजे सौभाग्य, आणि वटवाघळाच्या नावातही ‘फू’. एवढ्यामुळे हा निशाचर प्राणी वाडग्यांवर, कपाटांवर, नववधूच्या कपड्यांवर लाल रंगात उडू लागला. पाच वटवाघळे म्हणजे पाच सौभाग्ये : दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि आयुष्य पुरे करून आलेले शांत मरण. फुलदाणी, ‘फिंग’, म्हणजे शांतता. हरिण, ‘लू’, म्हणजे सरकारी पगार. घोड्यावर बसलेले माकड ‘लगेचच सरदारकी मिळो’ असे सांगते, कारण ‘मा-शांग’ याचा अर्थ घोड्यावर आणि ताबडतोब असा दोन्ही होतो, तर माकड आणि सरदार या दोघांनाही ‘होऊ’ म्हणतात. मांजर आणि फुलपाखरू एकत्र दिसले तर ते चित्र वृद्ध माणसाच्या वाढदिवसाचे समजावे, कारण ‘माव’ आणि ‘त्ये’ हे उच्चार जोडले की सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या वयाचा शब्द तयार होतो. मेइच्या (आलुबुखाराच्या जातीच्या झाडाच्या) मोहराने भरलेल्या फांदीच्या टोकावर बसलेला मॅगपाय हा काळा-पांढरा, लांबशेपटी पक्षी म्हणजे भुवईच्या टोकापर्यंत आलेला आनंद, कारण भुवईलाही ‘मेइ’ म्हणतात.

सर्वच चिन्हे उच्चारावर चालत नाहीत. डाळिंबात दाणे पुष्कळ म्हणून ते मुलाबाळांचे चिन्ह. पीच अमरांच्या बागेतले फळ म्हणून ते आयुष्याचे. मात्र उच्चाराची किल्ली हाती नसेल तर निम्मे चित्र मुकेच राहते.

ही चित्रे तयार कशी होत?

आधी एका कागदावर रेषांचे चित्र काढत. तो कागद पेअरच्या किंवा तशाच घट्ट, एकसारख्या पोताच्या लाकडी फळीवर उलटा चिकटवत. मग कोरक्या, म्हणजे ठसा कोरणारा कारागीर, रेषा तेवढ्या उंच ठेवी आणि बाकीचे लाकूड खणून काढी. हा रेषांचा ठसा. त्यानंतर प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठसा कोरावा लागे, आणि त्यात त्या रंगाचे भाग तेवढे उंच राहत. छपाईच्या मेजावर कागदांची गठ्ठी एका बाजूला आवळून बसवत, ठसा दुसऱ्या बाजूला पक्का करत, आणि एकेक कागद पुस्तकाच्या पानासारखा उलटून ठशावर आणत. माडाच्या जातीच्या झाडाच्या तंतूंपासून केलेल्या ब्रशाने रंग लावायचा, कागद टाकायचा, वरून तंतूंच्याच गादीने घासायचे आणि छापलेला कागद मेजाच्या फटीतून खाली सोडायचा. सगळ्या गठ्ठीला एक रंग झाला की ठसा बदलायचा. ठसा केसभर सरकला तर बाळाच्या ओठांचा रंग गालावर येई, म्हणून छापणाऱ्याची नजर आणि बोटे कोरक्याइतकीच तरबेज लागत.

काळा रंग काजळीचा, निळा निळीचा, पिवळा चिनी पॅगोडा वृक्षाच्या कळ्यांचा. रंगांत सरस मिसळत.

तियानजिनजवळच्या यांगल्योछिंग गावाची पद्धत निराळी होती. तेथे रेषा ठशाने छापत आणि चेहरे, केस, कपड्यांवरची नक्षी हाताने रंगवत. दारासारख्या उघडमीट होणाऱ्या फळ्यांवर कागद चिकटवलेले असत. रंगवणारा एक फळी उलटून पुढची घेई आणि एकच रंग एका बैठकीत कितीतरी चित्रांना देई. आसपासच्या खेड्यांतील बायका-मुलीही हे काम करत, आणि ‘घरोघरी रंग भरता येतो’ अशी त्या परिसराची ख्याती होती.

प्रसिद्ध केंद्रे कोणती होती आणि त्यांच्यात फरक काय?

उत्तरेचे यांगल्योछिंग आणि दक्षिणेचे, सुझोऊ शहरातले थाओह्वावू ही दोन नावे सर्वांत मोठी. यांगल्योछिंगची चित्रे राजधानीच्या जवळ असल्यामुळे नाजूक, सावकाश रंगवलेली असत. थाओह्वावूच्या कारागिरांनी अठराव्या शतकात युरोपीय चित्रांतील दूरदृश्याचे आणि छायेचे तंत्र उचलून सुझोऊच्या पुलांची, बाजारांची मोठी चित्रे छापली. ती जपानला गेली, तशी युरोपातील काही प्रासादांच्या भिंतींवरही लागली. 1860 मध्ये तायपिंग बंड या मोठ्या यादवी युद्धाच्या धामधुमीत या परिसराची मोठी हानी झाली आणि तो बहर पुन्हा आला नाही.

शांडोंगमधील वेइफांगजवळच्या यांगज्याबूची चित्रे शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी केलेली, ठसठशीत आहेत. तेच गाव पतंगांसाठीही नावाजलेले आहे. हेनानमधील जूश्यानचनची चित्रे जाड रेषांची आणि मोठ्या डोक्यांची. दक्षिणेत फोशान हेही एक केंद्र होते.

सिचुआनमधील म्येनजू येथील एका प्रकाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तो मला सर्वांत जवळचा वाटतो. तेथे ठसा केवळ रेषांपुरता असून रंगकाम हाताचेच असे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मालकाचे काम संपले की कारागीर भांड्यांच्या तळाशी उरलेले रंग आणि शिल्लक कागद घेऊन भराभर, मोजक्या फटकाऱ्यांत द्वारदेवतांच्या जोड्या रंगवत आणि रात्रीच्या बाजारात विकून आपल्या घरच्या सणाचा खर्च भागवत. घाईमुळे त्यांना प्रत्येक कपडा भरत बसता येत नसे. एका ओल्या फटकाऱ्यात बाही, दुसऱ्यात दाढी. वर्षभर ठरीव नमुना गिरवणारा हात त्या एका रात्री मोकळा सुटे. उरल्यासुरल्या रंगांची ही चित्रे आज म्येनजूच्या परंपरेतली सर्वांत मोलाची मानली जातात.

श्रीमंत, शिकलेल्या घरांत सणवाराची चित्रे लावत नसत का?

लावत, फक्त ती रेशमावर किंवा उत्तम कागदावर रंगवलेले लटकते पट असत. मिंग काळाच्या अखेरीचा रसिक वन चनहंग (1585–1645) याने कोणत्या महिन्यात कोणता पट टांगावा याची यादीच दिली आहे : नववर्षाला सौभाग्यदेवता व प्राचीन सत्पुरुष, पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला दिव्यांची दृश्ये, दुसऱ्या महिन्यात वसंतातील सहली, पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी रोगराई हटवणारी चित्रे, हिवाळ्यात हिम आणि हिवाळी फुले. वर्षभर एकच चित्र टांगून ठेवणे अरसिकपणाचे मानले जाई. याखेरीज वाढदिवस, लग्न, बढती, निवृत्ती अशा प्रत्येक प्रसंगी भेट देण्याजोगी चित्रे शहरांतील व्यावसायिक चित्रशाळा तयार ठेवत.

पूर्वजांच्या मोठ्या चित्रांत सगळे सारखेच का बसलेले असतात?

कारण ती पूजेची चित्रे आहेत. समोर बघणारा चेहरा, दोन्ही बाजू सारख्या, हात बाह्यांत किंवा मांडीवर, अंगावर अधिकाऱ्याचा संपूर्ण पोशाख. पूर्वजाच्या नजरेला नजर देऊन नमस्कार करता यावा यासाठी ही रचना ठरलेली होती. अनेकदा माणूस गेल्यावर चित्रकाराला बोलावत. तो नाक, डोळे, कपाळ यांचे नमुने नातेवाइकांपुढे ठेवी, आणि ‘असे नाक, पण थोडे रुंद’ या पद्धतीने चेहरा जुळवत नेई. म्हणून कपडे जरी साच्यातले असले तरी चेहऱ्यांवर सुरकुत्या, तीळ, देवीचे व्रण प्रामाणिकपणे येतात. पोशाखाचा दर्जा मात्र प्रत्यक्षातल्या हुद्द्यापेक्षा वरचढ रंगवल्याची उदाहरणे आहेत. नववर्षाला हे पट टांगून त्यांच्यासमोर अन्न ठेवत आणि सण झाला की गुंडाळून ठेवत. त्यांवर चित्रकाराची सही सहसा नसते.

घराच्या खांब-तुळयांवर रंगीत चित्रे काढण्याची सर्वांना मुभा होती का?

नव्हती. मिंग काळातील नियमांनुसार सामान्य प्रजेला घराच्या रुंदीपासून लाकडी आधारांच्या नक्षीपर्यंत मर्यादा होत्या, आणि रंगीत सजावटही निषिद्ध होती. सोनेरी ड्रॅगनांची रंगकामे सम्राटाच्या मुख्य वास्तूंसाठी राखलेली. त्यांहून मोकळी असलेली, पाने-फुले, निसर्गदृश्ये आणि कथाप्रसंग यांनी नटलेली सुझोऊ शैली बागांमध्ये वापरत. बीजिंगच्या उन्हाळी प्रासादातील 728 मीटर लांबीचा मार्ग तिचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. तो 1750 मध्ये बांधला गेला, 1860 मध्ये परकीय सैन्याने जाळला आणि 1886 मध्ये पुन्हा उभा राहिला. तुळईवरचा रंग नाकारलेल्या घरांना कागदाचा रंग मात्र कोणी नाकारला नाही. त्या कागदावर इतका भडक लाल-हिरवा का असतो, याचे एक कारण मला यात दिसते.

इतकी चित्रे होती, तर चिनी कलेच्या इतिहासात त्यांना जागा का मिळाली नाही?

इतिहास लिहिणारे आणि संग्रह करणारे एकाच वर्गाचे होते. हुबेहूबपणावरून चित्र जोखणे ही बालबुद्धी आहे, असे अकराव्या शतकात कवी आणि सरकारी अधिकारी सू श (1037–1101) याने एका कवितेत म्हटले. पुढे चित्रकार आणि समीक्षक तुंग छीछांग (1555–1636) याने चित्रकारांची उत्तर आणि दक्षिण अशी दोन घराण्यांत विभागणी करून व्यावसायिकांना खालची जागा दिली. ‘कारागिरी वाटते’ हा चित्राला दिलेला दोष झाला. मला ही निवड अन्यायाची वाटते. तिने केवळ आवड-निवड सांगितली नाही, तर काय जपायचे आणि काय फेकायचे हेही ठरवले. चित्रशाळांतील अनेक पट टिकले ते व्यापाऱ्यांनी त्यांवर जुन्या नामवंतांच्या खोट्या सह्या घातल्यामुळे, हे अमेरिकी अभ्यासक जेम्स केहिल यांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिले आहे. न्येनह्वाच्या बाबतीत तर दरवर्षी जुने फाडून, जाळून नवे लावणे हाच रिवाज होता.

मग जुने नमुने आज कुठे पाहायला मिळतात?

बरेचसे चीनबाहेर. रशियन संशोधक कोझलोव्ह यांच्या 1907–1909 च्या मोहिमेत गोबी वाळवंटातील खाराखोतो या उजाड नगरात चार सुंदरींचे एक छापील चित्र मिळाले. ते चिन घराण्याच्या (1115–1234) काळात उत्तर चीनमधील फिंगयांग येथे छापलेले असून आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. रशियन अभ्यासक वासिली अलेक्सेयेव्ह यांनी 1907 मध्ये उत्तर चीन फिरून हजारोंच्या संख्येने न्येनह्वा जमवली. त्या वेळी ती बाजारात सर्वत्र मिळत होती, म्हणूनच कदाचित फारशा कोणाला ती जमवावीशी वाटली नाहीत. सुझोऊची अठराव्या शतकातील चित्रे जपान आणि युरोपात उरली. चीनमध्ये लेखक लू शुन (1881–1936) यांनी जूश्यानचनची चित्रे आवर्जून गोळा केली.

विसाव्या शतकात ही परंपरा का ओसरली?

शिळाछाप आणि यंत्रछपाईने शांघायहून स्वस्त, चकचकीत दिनदर्शिका येऊ लागल्या. युद्धांनी बाजार उद्ध्वस्त केले. नोव्हेंबर 1949 मध्ये नव्या साम्यवादी सरकारने न्येनह्वाला हात घातला : रूप तेच, पण देवांच्या जागी पीक, ट्रॅक्टर, साक्षरता. 1966 नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे जुन्या चालीरीती पुसून टाकण्याच्या सरकारी मोहिमेत, जुने ठसे मोठ्या प्रमाणावर जाळले, फोडले गेले. काही कुटुंबांनी ते लपवून वाचवले. 2006 मध्ये यांगल्योछिंग, थाओह्वावू, यांगज्याबू, म्येनजू यांसह अनेक केंद्रे चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत आली, आणि लेखक फंग जीत्साय यांच्या पुढाकाराने गावोगावच्या ठशांची व कारागिरांची तपशीलवार नोंद झाली.

चिनी सजावटीची चित्रे पश्चिम भारतात कधी आली होती का?

आली होती, पण न्येनह्वा नव्हे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत दक्षिण चीनमधील कँटन बंदरातील चित्रकार परदेशी गिऱ्हाइकांसाठी काचेच्या मागच्या बाजूने चित्रे काढत. या पद्धतीत क्रम उलटा असतो : डोळ्यांतली चमक, दागिन्यांचे ठिपके आधी, आणि पार्श्वभूमी शेवटी. मुंबई-कँटन व्यापारातून अशी काचचित्रे, भारतीय पोशाखातील स्त्री-पुरुषांचीसुद्धा, इकडच्या धनिक घरांत पोचली. पारशी कुटुंबांतील गारा साड्यांवर चिनी भरतकामातून आलेले करकोचे, कमळे, पिओनीची फुले आणि पूल-मंडप हे तर आजही पाहता येतात.

घरातील माणसे स्वतः हाताने काही रंगवत असत का?

होय, आणि त्यातला एक प्रकार फार सुंदर आहे. दक्षिणायन संपण्याच्या दिवसापासून, म्हणजे डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसापासून, चिनी लोक हिवाळ्याचे नऊ दिवसांचे नऊ गट, म्हणजे एकूण 81 दिवस मोजतात. 1635 च्या सुमाराच्या बीजिंगवर्णनात एक रिवाज नोंदलेला आहे : मेइ फुलांची एक कोरी, रेषांची फांदी कागदावर काढायची, फुले नऊ, प्रत्येकाला पाकळ्या नऊ. मग रोज एकच पाकळी रंगवायची. ठशाची अशी चित्रेही पुढे मिळू लागली, आणि काही ठिकाणी पाकळीचा कोणता भाग भरला यावरून त्या दिवशी ऊन होते, ढग होते की हिम पडले हेही कळे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची पाकळी भरली जाई, आणि तोवर अंगणातल्या खऱ्या फांदीवरही कळ्या फुटू लागलेल्या असत.